जिवाणीचा पाइप

१

नारायणगावात नळाला पाणी येतं ते आपल्या मर्जीनं. कधी पहाटेच, कधी दूधवाला येऊन गेल्यावर, आणि आलं तरी फार वेळ टिकत नाही. त्यामुळे बाजारपेठेतल्या पारसशेटच्या घरी सूनबाईंची सकाळ कशी जायची ते विचारू नका. खालची टाकी भरली का बघ, मोटर लाव, गच्चीवरची टाकी वाहायला लागली की धावत येऊन बंद कर, मधल्यामध्ये सासूबाईंचं प्यायचं पाणी उकळून गार करायला ठेव. खाली दुकान, वर घर. पारस एकदाचा दुकानात जाऊन बसला की डिंपलला जरा उसंत मिळायची.

अशाच एका दुपारी जेवणं उरकून ती ओटा पुसत होती. नळ बंद, मोटर बंद. आणि ओट्यामागच्या भिंतीतून आवाज आला. टक. टक. मग थोडं थांबून घळ्ळकन, कुणीतरी मोठा घोट घ्यावा तसा.

'पाइपात हवा असेल,' डिंपल स्वतःशीच म्हणाली. केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झालेली बाई, भिंतीतल्या आवाजाला थोडीच घाबरणार! तिनं नळ सोडून पाहिला. आवाज थांबला. नळ बंद केला, तरी काही नाही. ती हसली, फडकं वाळत घालायला वळली, आणि पाठ फिरते न फिरते तोच पुन्हा टक, टक, घळ्ळ. हे मात्र तिला आवडलं नाही. फडकं तसंच सिंकमध्ये टाकून ती बाहेरच्या खोलीत गेली आणि उगाचच टीव्ही लावून बसली.

२

आता सासूबाईंचं सांगायला हवं. गुलाबबाई. घरात सगळे त्यांना नुसतं बाई म्हणत. जैनांच्या जुन्या बायकांचं असतं तसं बाईंचं पाण्याचं फार कडक. दुहेरी फडक्यातून गाळल्याशिवाय पाणी वापरायचं नाही. आणि गाळून झालं की फडक्यात डोळ्यांना न दिसणारे जे जीव अडकले असतील, ते फेकायचे नाहीत. फडकं उलटं धरून त्यावर गाळलेलं पाणी ओतायचं आणि ते पाणी जिथून आलं तिथंच परत सोडून द्यायचं. याला म्हणायचं जिवाणी. जीव आपल्या घरी पोचला पाहिजे, बाकी काही नाही.

परसात पूर्वी विहीर होती. जुनं घर पाडून हे बांधायला काढलं तेव्हा बाई हटून बसल्या, विहीर राहिली पाहिजे. सासरे रूपचंदशेट, घरातले बापू, तेव्हा होते. ते म्हणाले, "राहील गं बाई, राहील! स्लॅबखाली झाकून ठेवतो, तिच्यातही मोटर सोडतो, नळाच्या पाण्यात तेही पाणी टाकीत येईल." आणि बाईंच्या समाधानासाठी ओट्यामागच्या भिंतीतून एक पाइप थेट खाली विहिरीत सोडला, वर झाकण बसवून. तेव्हापासून रोज सकाळी बाई झाकण काढायच्या आणि तांब्यातली जिवाणी पाइपाच्या कडेकडेनं, अगदी बारीक धारेनं सोडायच्या, जीव आपटू नयेत म्हणून. खाली दुकानात पारस अळी मारायची औषधं लिटरनं विकत होता आणि वर त्याची आई एकेक जीव वाचवत होती. हे कुणी बोलून दाखवलं की पारसच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या.

मागच्या वर्षी बाई न्हाणीत पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, अंथरुणाला खिळल्या. त्यांची पाठ टेकायचा अवकाश, पारसनं स्वयंपाकघर नवं करून घेतलं. पाणी शुद्ध करायचं मशीन आलं, चकचकीत टाईल्स आल्या आणि टाईल्सखाली पाइपाचं तोंड गेलं. डिंपल नको नको म्हणत होती.

"मशीनमधून गाळूनच येतंय ना?" पारस म्हणाला. "का जन्मभर तांब्या घेऊन भिंतीत पाणी ओतत बसणार आहेस?"

बाईंची खोली स्वयंपाकघराला लागूनच, मध्ये तीच भिंत. पडल्या पडल्या त्या रोज विचारायच्या, "डिंपल, जिवाणी सोडलीस का गं?"

"सोडली, बाई."

खोटं बोलताना डिंपल पाठ फिरवून काहीतरी आवरायला घ्यायची. या घरात तिच्या बाजूनं कधी कुणी बोललं असेल तर ती ही म्हातारी. मूल झालं नाही म्हणून भावकी टोचायला लागली, तेव्हा बाईंनी एकेकाचं तोंड बंद केलं होतं. स्वतःच्या मुलाचंसुद्धा. या बाईचा शेवट सुखाचा व्हावा, तिला कसला त्रास होऊ नये, एवढं एकच डिंपलला हवं होतं. दुसरं काही मागावं असं त्या घरात उरलंही नव्हतं.

३

प्लंबर भरत बोरी बुद्रुकचा. गाडीवरून उतरायच्या आधी निदान सांगणारा गडी.

"वैनी, पाइपानं हवा धरलीया. दुसरं काय असणार?" त्यानं गच्चीवर जाऊन हवा निघायला नळी बसवली, खाली येऊन चहा घेतला आणि छातीवर हात मारून म्हणाला, "आता आवाज आला तर माझं नाव बदला."

आवाज आला. भरतही आला, नाव न बदलता.

"क्लॅम्प ढिला झाला आसंल. पाणी धावलं की पाइप हालतो, भिंतीला टकरा देतो. लई कॉमन हाय, राव." त्यानं दिसतील तेवढे क्लॅम्प आवळले. मग दोष प्रेशर पंपाचा निघाला. मग कुठल्याशा कॉकचा. मग उंदरांचा. दर वेळी आवाज दोन-चार दिवस गप्प बसायचा, डिंपल सुटकेचा श्वास टाकायची आणि भर दुपारी पुन्हा टक, टक, घळ्ळ.

तिनं पारसला सांगितलं. तो म्हणाला, "दुपारी झोपत जा जरा."

तिनं काय पाहिलं ते मात्र त्याला सांगितलं नाही. पाहिलं कसलं, ऐकलं. आधी आवाज गॅसच्या मागून यायचा. मग तो मांडणीच्या मागून यायला लागला. आता फ्रीजच्या मागून येत होता. फ्रीजच्या पलीकडं बाईंचा पलंग. पाइप काही चालत नाहीत, हे डिंपलला चांगलं ठाऊक होतं. भिंतीतून आवाज फिरतो, वीट पोकळ असली की दुसरीकडंच ऐकू येतो, असं तिनं स्वतःला समजावलं आणि फ्रीज ओढून भिंतीपासून लांब केला.

४

मग बाईंना तहान लागायला लागली.

आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. म्हातारं माणूस, पाणी मागतंय, द्या. पण बाई तांब्याभर पाणी प्यायच्या आणि तांब्या खाली ठेवायच्या आत म्हणायच्या, "पाणी दे गं."

"आत्ता दिलं की, बाई."

"दिलंस? मग घसा कोरडा कसा?"

डिंपल द्यायची. बाई प्यायच्या. ओठ मात्र फुटत चालले, जीभ टाळूला चिकटायला लागली. हाताची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहायची. चादर ओली व्हायची नाही, लघवीचं भांडं जवळजवळ कोरडंच. एवढं पाणी जातंय कुठं? डॉक्टर येऊन बघून गेले, वयाचं आहे म्हणाले, सलाईन लावून गेले. सलाईनची बाटली उतरली, बाई होत्या तशाच.

एक दिवस संध्याकाळी डिंपल दिवे लावत होती आणि बाईंनी हाक मारली. "पाणी."

डिंपलचे हातच थांबले. समज आल्यापासून या बाईनं सूर्य मावळल्यावर पाण्याचा थेंब तोंडात घेतला नव्हता. एकशेचार ताप असताना घेतला नव्हता, नवरा गेला त्या दिवशी घेतला नव्हता.

"बाई, दिवस मावळला."

"ठाऊक आहे मला," बाई म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला हवं होतं, ते आलं नाही. नुसता चेहरा रडत होता. "दे तरी."

डिंपलनं दिलं. बाई तोंडातल्या तोंडात नवकार मंत्र पुटपुटत, लाजेनं भिंतीकडं तोंड करून ते पाणी प्यायल्या. डिंपलला भडभडून आलं. ती गॅलरीत जाऊन रडली.

५

भरतला तिनं आता फैलावर घेतलं. तोही चिडला होता, धंद्याची अब्रू जायची वेळ आली होती. त्यानं दिवसाढवळ्या सगळ्या टाक्या रिकाम्या केल्या, मेन कॉक बंद केला, घरातले सगळे नळ उघडे टाकले. पाइपांत थेंब उरला नाही. मग स्क्रूड्रायव्हरचं टोक टाईलला आणि मूठ कानाला लावून उभा राहिला.

टक. टक.

भरतचा तोरा उतरला. "वैनी," तो हळूच म्हणाला, "हितं माझा एक बी पाइप न्हाई."

"जुना एक आहे," डिंपल म्हणाली. "बाईंचा."

त्यानं टाईल कापली. झाकण निघालं, खाली पाइपाचं काळं तोंड. "ह्यो कुठं जातो?"

"विहिरीत."

"कंच्या विहिरीत?"

"स्लॅबखाली झाकलीय ती. तिचंही पाणी टाकीत येतं."

"वैनी, ती विहीर कवाच बुजवली. आमच्या सयाजीतात्यांनी ट्रॅक्टरनं मुरूम न् ह्या घराचा राडारोडा टाकलाय तीत, काठोकाठ. मी ट्रॉलीत बसून आलो व्हतो तवा. वर काँक्रीट केलं. ह्या पाइपाला खाली टोपण मारून तसाच काँक्रीटमधी सोडला. थोरलं शेटजी म्हणालं व्हतं, घरात बोलायचं न्हाई."

डिंपलनं त्या काळ्या तोंडात वाकून पाहिलं. बाईंनी इतकी वर्षं जीव वाचवले ते या बंद नळकांड्यात. जपून, कडेकडेनं, आपटू नयेत म्हणून. आणि सासऱ्यांना माहीत होतं. पारसलाही माहीत असणार, तोच तर उभा राहून बांधकाम बघत होता.

मग तिच्यातली बी.एस्सी. जागी झाली. दोन बोटं रुंदीचा पाइप, एका मजल्याची उंची. आठ-दहा तांब्यांत तोंडापर्यंत भरायला हवा होता, आणि पाणी ओट्यावर यायला हवं होतं.

"मुरत आसंल भिंतीत," भरत म्हणाला आणि त्यानं भिंतीवरून वरपासून खालपर्यंत हात फिरवला. कुठं ओल नाही, पापुद्रा नाही. खाली दुकानात जाऊन पाहून आला, तिथंही ठणठणीत. मग त्यानं भरून ठेवलेली बादली उचलली आणि पाइपात ओतली. ती गेली. दुसरी ओतली. तीही गेली. पाणी पडल्याचा आवाज आला नाही, खालून बुडबुडा आला नाही.

टकटक मात्र थांबली होती.

भरतनं हत्यारं गोळा केली. "शेटला सांगा, दुसरा कुणी बघा म्हणावं," एवढं बोलून तो जिना उतरला. चहासुद्धा घेतला नाही.

त्या दुपारी बाई शांत झोपल्या. डिंपल जाऊन बघते तर ओठांना ओलावा, कपाळावर चक्क घाम. योगायोग, डिंपल म्हणाली. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी उठून तिनं जुनं फडकं शोधून काढलं, पाणी गाळलं आणि तांब्या घेऊन त्या तोंडापाशी उभी राहिली. कडेकडेनं, बारीक धारेनं. त्या दिवशी बाईंनी मऊ भात खाल्ला.

६

पुढच्या आठवड्यात ती प्रवचनाला जैन स्थानकात गेली. परत येते तर पाइपाच्या तोंडावर सिमेंटचा ओला गोळा, आणि पारस हात धूत उभा.

"हे काय केलंत?"

"गवंड्याला बोलवून बुजवून घेतलं. उद्या टाईल बसेल. भरत्या गावभर सांगत सुटलाय, शेटच्या भिंतीत काहीतरी आहे म्हणून. गिऱ्हाईकं विचारायला लागली मला!"

"बाईंना बरं वाटत होतं त्यानं."

"पाणी भिंतीत ओतून?" पारस हसला. "शिकलेली ना तू?"

"विहीर बुजवली ते बाईंना का नाही सांगितलं तुम्ही?"

पारसचं हसू मावळलं. "बापूंनी बुजवली. मी काय करणार होतो? तिला सांगितलं असतं तर घर झालंच नसतं. विहिरीवर दुकान आहे म्हणून खातेस तू."

"हळू बोला, बाई ऐकतील."

"ऐकू दे," तो म्हणाला, आणि खाली निघून गेला.

बाईंनी ऐकलं की नाही ते कळलं नाही. डिंपल आत गेली तेव्हा त्या भिंतीकडं तोंड करून पडल्या होत्या. "पाणी दे गं," एवढंच म्हणाल्या.

७

त्यानंतर बाई कशा उतरत गेल्या ते डोळ्यांदेखत होतं. डिंपल दर थोड्या वेळानं पाणी पाजत होती, चमच्यानं, मग वाटीनं, मग तांब्यानं. गाल आत गेले, डोळे खोल गेले. पारस दारात उभा राहून बघायचा आणि जायचा. मोठ्या दवाखान्यात हलवू या म्हटलं तर म्हणायचा, "या वयात तिचे हाल कशाला?"

भिंतीतला आवाज आता पलंगाच्या उशापाशीच येत होता.

"जिवाणी सोडलीस?" एका दुपारी बाईंनी विचारलं. आवाज कसला, नुसती फुंकर.

"सोडली, बाई."

बाईंनी डोळे उघडले. रागावल्या नाहीत. लहान मुलाला विचारावं तसं विचारलं, "सोडलीस म्हणतेस, मग ते अजून मागतंय कसं?"

डिंपल उठली. स्वयंपाकघरात जाऊन तिनं वरवंटा उचलला आणि पाइपाच्या बुजवलेल्या तोंडावर घातला. एक, दोन, कितीतरी. नव्या टाईल्स फुटल्या, हाताला लागलं, ती थांबली नाही. तोंड मोकळं झालं. फडक्यातून गाळायला वेळ कुठला, तरी तिनं गाळलं, फडकं उलटं केलं आणि जिवाणी सोडली. मग तांब्यामागून तांब्या.

आणि पाणी वर आलं.

काळ्या तोंडाशी येऊन थांबलं, चमकलं, तिच्या बोटांवरून ओट्यावर ओघळलं. तळ बंद असलेला पाइप भरावा तसा तो भरला होता. साधा, सरळ, नियमाप्रमाणं. डिंपल वाट बघत राहिली. आत घोट घेणारं काही उरलं नव्हतं.

मग घळ्ळ आवाज आला. भिंतीतून नव्हे, शेजारच्या खोलीतून.

ती धावली. बाई उताण्या होत्या, ओठ घट्ट मिटलेले. उशाचा तांब्या तसाच भरलेला. पण बाईंचा गळा हलत होता. वर, खाली. घळ्ळ. वर, खाली. आणि दर घोटाला त्यांचा चेहरा आणखी थोडा आत जात होता.

"बाई!" डिंपलनं तांब्या त्यांच्या तोंडाला लावला. दात वेगळे करून पाणी ओतलं. ते गेलं. सगळं गेलं. दुसरा तांब्या गेला. बाईंनी तिचं मनगट धरलं होतं. ती पकड सुटली तेव्हाही गळा थोडा वेळ हलत होता. मग तोही थांबला.

८

"किती दिवस पाणी दिलं नव्हतं यांना?" डॉक्टर म्हणाले. मोठ्यानं म्हणाले. तोवर मंचरहून नणंद आली होती, रिंकूताई. समाजातल्या बायका आल्या होत्या. सगळ्यांनी ऐकलं.

"दिलं होतं," डिंपल म्हणाली. "सारखं देत होते."

"खोटं बोलू नका. शरीर पार वाळलंय."

रिंकूताईनं हंबरडा फोडला. "माझ्या आईनं साऱ्या जन्मात मुंगी दुखावली नाही, आणि हिनं तिला पाण्यावाचून मारली! वहिनी, तांब्याभर पाणी जड झालं का गं तुला?"

डिंपलनं पारसकडं पाहिलं. दारात उभं राहून त्यानं रोज पाहिलं होतं. वाट्या पाहिल्या होत्या, तांबे पाहिले होते. एक शब्द बोलला असता तर पुरे होतं. पारस खाली मान घालून उभा राहिला, आणि लोकांना वाटलं बिचारा आईच्या दुःखात आहे.

उठावण्याची शोकसभा झाली, माणसं पांगली. जाताना एकाही बाईनं डिंपलच्या पाठीवर हात ठेवला नाही. दुपार झाली होती. घर अगदी शांत, भिंतीही शांत. पारस बाईंच्या रिकाम्या पलंगावर टेकला होता.

"का नाही बोललात?" डिंपलनं विचारलं.

"काय बोलणार? एक गोष्ट निघाली की दुसरी निघते. विहीर निघाली असती, बापूंचं नाव गेलं असतं." त्यानं कपाळ चोळलं. "तुझं काय, लोक विसरतात चार दिवसांत."

डिंपलला आता रडूही आलं नाही.

पारसनं उशाचा तांब्या उचलला, तोंडाला लावला आणि घटाघटा रिकामा केला. खाली ठेवला. ओठांवरून जीभ फिरवली.

"पाणी दे गं अजून," तो म्हणाला. "घसा कोरडा पडलाय."

डिंपलनं ऐकलं. ती जागची उठली नाही.